झोपून माप घेणारे बुटके मामा

बुटके मामा माप घ्यायला आले की आधी जमिनीवर आडवे व्हायचे. टेप नंतर. चपला दाराबाहेर काढायच्या, खांद्यावरचा पंचा अंथरायचा आणि भर स्वयंपाकघरात, घरातल्या बायकांच्या देखत, हा सहा फुटी माणूस उताणा पडायचा. हात पोटावर, डोळे छताला. घरातली बाई चहाचा कप घेऊन दारात उभी असायची आणि तिला कळायचं नाही की आता चहा द्यावा की डॉक्टरला बोलवावं.

सहा फुटी माणसाचं नाव बुटके मामा कसं पडलं, हे लोहाऱ्यात नव्यानं आलेला प्रत्येक जण विचारायचा. मामा बुटके नव्हतेच, बुटकी होती ती त्यांची कपाटं. ओट्याखाली हवे तेवढे कप्पे, भिंतीलगत झाकणाचं बाकडं, दिवाणाच्या पोटात पेट्या, न्हाणीत बेसिनखाली छोटंसं कपाट. सगळं कसं कमरेच्या आत. भिंतीवर, डोक्याच्या वर काही करा म्हटलं की गडी अडून बसायचा. साधी फळी मारून द्यायचे नाहीत. "वर फक्त उजेड ठिवायचा," म्हणायचे, "बाकी समदं खाली." सुतार चांगले होते, हात साफ होता, पण एवढ्या एका हट्टापायी निम्मं गाव त्यांच्यावर वैतागलेलं असायचं.

त्यात मीही होते. आमचं घर बांधून झालं तेव्हा मी लोहाऱ्याच्या शाळेत शिकवत होते. माहेर सोलापूरचं. धाकट्या बहिणीनं तिथं नुकतंच नवं स्वयंपाकघर करून घेतलं होतं. ओट्याच्या वर काचेच्या दारांची कपाटं, आत दिवा, दिव्याखाली कपबशा. ते बघून आल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या ह्यांनी मामांना बोलावलं, पण मामांच्या तऱ्हेबद्दल मला अक्षर सांगितलं नाही. मामा आले, पंचा अंथरला आणि झोपले.

मी म्हटलं, "अहो मामा, चक्कर आली की काय?"

"न्हाय बाई. माप घेतोय."

"झोपून?"

"उभ्या माणसाला भित दिसती. निजलेल्या माणसाला त्याच्यावर काय पडंल ते दिसतं."

मला हसू आवरेना. आमचे हे मात्र हसले नाहीत, खाली बघत राहिले. ते लोहाऱ्याचेच, त्यांना सगळं ठाऊक होतं. मला माहेरचा तोरा होता. मी बहिणीच्या स्वयंपाकघराचा फोटो आणून मामांच्या तोंडापुढे धरला. त्यांनी तो हात लांब करून नीट बघितला आणि परत दिला. "चांगलं हाय. सोलापुरातच ऱ्हाऊ द्या."

मी मुळातली भांडकुदळ. म्हटलं, "मामा, घर माझं, भिंत माझी, भांडी माझी. तुमचं काय जातंय?"

"हात माझे हायेत बाई," ते म्हणाले आणि न्हाणी बघायला गेले.

न्हाणीत ते झोपले नाहीत, पण उकिडवे बसले. माणूस आंघोळीला बसतो तसे, हातात तांब्या असल्यासारखा हात धरून. वर मान करून बघितलं तर डोक्यावर गीझर बसवण्यासाठी काढलेली भोकं. "ह्याच्या खाली बसून पाणी घेणार व्हय तुमी?" त्यांनी प्लंबरला बोलावून घेतलं, त्याच्याशी यथेच्छ भांडले आणि गीझरची जागा पार दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. प्लंबर जाताना मला म्हणाला, "बाई, माणूस लई चांगला हाय, पण डोकं खाऊन टाकतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली सगळी भांडी अंगणात मांडायला लावली. मग मला मोकळ्या ओट्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "आता भाकरी करा."

"कशाची? हवेची?"

"हवंची करा की. तुमचा हात कुठं जातो ते बघायचंय मला."

काय करता! मी हवेतल्या परातीत हवेचं पीठ घेतलं. माझा हात जिथं जिथं जाई तिथं तिथं मामा खडूनं खूण करत. खडूही माझ्याच पर्समधला, शाळेचा. मिठासाठी माझा हात सवयीनं वर गेला, कारण भाड्याच्या घरात मिठाची बरणी वरच्या फळीवर असायची. मामा एकदम दचकले. "तो हात खाली घ्या बाई. खाली. मीठ खालीच हाय असं समजा." आवाज असा चिरका निघाला की मी मुकाट्यानं हात खाली घेतला.

काम झालं ते मात्र बघत राहावं असं. पिठाचा डबा पायाशी, ओढला की हातात. परातीला उभी खाच, लाटणं-पोळपाटाला वेगळा कप्पा, आणि खिडकीखाली झाकणाचं बाकडं, ज्याच्या पोटात वर्षाचे पापड-कुरडया आणि ज्याच्यावर सासूबाई भाजी निवडायला बसत. पण खालच्या कपाटाचे भोगही होतेच. फरशी पुसताना पाणी शिरून एका दाराचं प्लायवूड फुगलं. दिवसातून पन्नास वेळा वाका आणि उठा. आज माझे गुडघे बोलतात ना, त्यातली निम्मी वाक्यं मामांची आहेत. तोंडावर सांगितलं तर म्हणायचे, "वाकल्यानं कुणी मरत न्हाय बाई."

एकदा तर पिठाच्या डब्यामागून विंचू निघाला. आमच्या ह्यांनी तो मारला, आणि मी पदर खोचून तडक मामांच्या घरी गेले. मामा दारातच रंधा मारत बसले होते.

"तुमच्या कपाटात विंचू निघाला, मामा! वर असतं कपाट तर निघाला असता का?"

"चावला?"

"नाही. पण चावला असता म्हणजे?"

"चावला असता तर तुमी वरडला असता," ते रंधा न थांबवता म्हणाले. "माणूस वरडला म्हंजी लोकं धावून येतात."

हे काय उत्तर झालं? मी फणफणत घरी आले आणि सासूबाईंपुढे मामांचा उद्धार केला. त्यांनी निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली. "गप बस पोरी," म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलं न्हाय का?"

मग त्यांनी सांगितलं. मामा जवळच्याच एका गावचे. आमच्या भागात नुसतं भूकंप म्हटलं की पुरतं, कोणता असं कुणी विचारत नाही. तेव्हा मामा तरुण होते आणि सुतारकामाची त्यांना भारी घमेंड होती. त्यांनी मामीसाठी एक मांडणी केली होती. सागवानी, पुढं नक्षीचा कठडा, आणि खोलीच्या एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, पार आढ्याच्या खाली. मामी पितळी डबे, घागरी, तपेली घासून तिच्यावर मांडायची आणि गावातल्या बायका ती मांडणी बघायला यायच्या. गणपती बुडवून आल्यावर मामा आपल्या लहानग्या पोराला, बालाजीला घेऊन बाहेर देवळापाशीच आडवे झाले. मामी घरात होती. पहाटे जमीन हलली. अर्धं गाव पडलं. पण मामांच्या घराची ती भिंत पडली नाही.

"भित उभी ऱ्हायली बघ," सासूबाई म्हणाल्या, "आन् मांडणी खाली आली. बिचारी खालीच निजली हुती. वरडलीसुद्धा न्हाय."

मी दुपारभर त्या बाकड्यावर बसून राहिले. संध्याकाळी मामा स्वतःच आले, विंचवाचा विषय न काढता कपाटाच्या सगळ्या फटी बुजवून गेले. मी चहा दिला.

त्यानंतर मला त्यांचे सगळे हट्ट दिसायला लागले. एसटीत बसले की ते आधी डोक्यावरच्या फळीवर काय आहे ते बघत. कुणाचं गाठोडं, कुणाची पत्र्याची पेटी असली की काढून मालकाच्या मांडीवर ठेवत आणि मग त्याच्याशी भांडत. येरमाळ्याच्या एका हॉटेलवाल्यानं भटारखान्यात वर फळ्या मारायला सांगितल्या, तर मामा हत्यारं उचलून रस्त्यावर येऊन बसला हात करत उभे. तुळजापुरात एका लॉजचं काम अर्धं सोडून आले, कारण मालकाला गाद्या ठेवायला खाटांच्या वर माळे हवे होते. "भाविक निजणार खाली," मामा म्हणाले. "त्येला काय ठावं वर काय हाय?" लोक म्हणायचे, भूकंपानं मामांचं डोकं हललंय. त्यात दुष्टावा नव्हता, आमच्याकडे त्या भीतीनं बरीच माणसं अशी झाली होती. कुणी अंगणातच झोपायचं, कुणी दाराला कडी घालायचं नाही. मामांचं हे असं होतं, एवढंच.

बालाजीला मात्र ते पटत नव्हतं. आमच्या कामाच्या वेळी तो विशीतला, बापासारखाच उंच आणि हाताचा चलाख. मामा एकदा पान खायला बाहेर गेले तेव्हा तो मला हळूच म्हणाला होता, "काकू, वरचं कपाट पायजेच असंल तर सांगा. आप्पाला कळू न देता करून दीन."

मी म्हटलं, "नको रे बाबा. तुझ्या आप्पांचा तमाशा मला झेपायचा नाही."

तो हसला, मग हसू थांबवून म्हणाला, "काकू, मला आईचं तोंड आठवत न्हाय. पण ती खाली बसून मांडणीकडं बघायची, ते आठवतंय. सकाळचं ऊन भांड्यांवर पडायचं ना, तवा. तिला लई आवडायची ती. आप्पाला फक्त तिचं पडणं आठवतं."

तेव्हापासून मला माहीत होतं की या बापलेकांचं कधीतरी वाजणार. बालाजी धाराशिवला गेला. (कागदोपत्री धाराशिव, बसमध्ये अजून उस्मानाबादच म्हणतो आम्ही.) तिथं त्यानं तयार फर्निचरचं दुकान टाकलं. मशीनवर कापलेली कपाटं, चकचकीत दारं, आणि भिंतीवर रांगेनं टांगलेली. दुकान जोरात चाललं. मामांनी त्याच्या दुकानाची पायरी चढली नाही. पण पोराचं लग्न झालं, त्यानं तिथंच घर बांधलं, आणि एक दिवस मामा मला म्हणाले, "बालाजी म्हणतोय, आता कामं बास करा, इकडं ऱ्हायला या." एवढं बोलून त्यांनी मान फिरवली, पण मी बघितलं, डोळे भरले होते. बायको गेल्यावर ज्या पोराला एकट्यानं वाढवलं, त्याच्या घरी म्हातारपण काढायचं, याच्यापलीकडे त्यांना आता काही नको होतं.

वास्तुशांतीला मामांबरोबर मी आणि आमचे हेही गेलो. बालाजीची बायको रेखा दारात पाणी घेऊन उभी होती. मामांनी पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं ओट्याच्या समोरची भिंत. खाली मोकळी फरशी, जेवायला बसायला. आणि वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कपाटं. पुढून नक्षीची पट्टी. मी बघितलं आणि मला सासूबाईंचं बोलणं आठवलं. बालाजीनं आईची मांडणीच केली होती पुन्हा.

मामांनी पंचा अंथरला. बायका पुऱ्या तळत होत्या, भटजी बाहेर मंत्र म्हणत होते. मामा कपाटांच्या बरोबर खाली उताणे झोपले आणि उठेनात. कुणीतरी बालाजीला बोलावलं.

"आप्पा, उठा. लोकं बघायलेत."

"हे उतरव," मामा झोपूनच म्हणाले.

"आप्पा, पूजा चाललीय."

"उतरव म्हणतो ना. म्या ह्या घरात ऱ्हातो, पण हे उतरव."

बालाजीचा चेहरा लालबुंद झाला होता. पाहुण्यांसमोर, सासुरवाडीसमोर. तो दात खाऊन म्हणाला, "तुमच्या हातची पडली म्हणून समद्यांच्या हातची पडती का?"

कढईतली पुरी करपली, पण कुणी हलेना. मामा उठले. पंचा झटकला, घडी केली, खांद्यावर टाकला. दारातल्या चपलांच्या ढिगात त्यांना आपली चप्पल सापडेना. मीच ती पुढे सरकवली आणि आमच्या ह्यांना मागं थांबवून त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. बसमध्ये त्या दिवशी त्यांनी डोक्यावरची फळी बघितली नाही. खिडकीबाहेर बघत होते. तुळजापूर सोडल्यावर एकदाच बोलले, "पोरगं खरं बोललं."

मी म्हटलं, "खरं कसलं? जीभ घसरली त्याची. फोन करेल बघा संध्याकाळपर्यंत."

फोन आला नाही. मामांनीही केला नाही. दोघंही एकाच लाकडाचे. तोवर लोहाऱ्यातही वरच्या कपाटांची फॅशन आली होती आणि मामांना कुणी बोलवेना. ते आमच्याकडे येऊन खिडकीखालच्या त्या बाकड्यावर बसायचे. कधी एखादी बिजागरी घट्ट करायचे, एरवी नुसतेच. जेवायला वाढलं की "भूक न्हाय बाई" म्हणायचे आणि मी रागावले की गुपचूप दोन भाकरी खायचे. माणूस आतून वाळत चालला होता आणि मला बघवत नव्हतं.

मग बालाजीला मुलगी झाली. रेखा शहाणी पोरगी. ती नवऱ्याला न सांगता माझ्या मोबाइलवर फोटो पाठवायची आणि मी ते मामांना दाखवायचे. पहिला फोटो दाखवला तेव्हा मला वाटलं आता म्हातारा रडणार. त्यांनी मोबाइल हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला आणि खाली ओढला. मुलीचं तोंड राहिलं खाली. "पाळण्याच्या वर काय हाय बाई?"

"पंखा आहे, मामा. नातीचं नाक बघा की! तुमच्यासारखं आहे."

"पंखा आढ्याला हाय का हुकाला?"

असं प्रत्येक फोटोचं. पोरगी बसायला लागली, रांगायला लागली, भिंतीला धरून उभी राहायला लागली, आणि आजोबा तिच्या डोक्यावरची भिंत बघत राहिले. एकदा रेखानं दुपारचा फोटो पाठवला. पोरगी खेळता खेळता स्वयंपाकघरातच, त्या कपाटांच्या खाली, चटईवर झोपून गेली होती. तोंडात अंगठा. मामांनी हा फोटो मोठा केला नाही. मोबाइल मला परत दिला, उठले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर हत्यारांची पिशवी घेऊन पायरीवर बसलेले.

"बाई, येताव का माझ्यासंगं? एकट्याला धाडस हुईना."

रविवार होता. मी चहा टाकलेला तसाच बंद केला आणि निघाले.

बालाजी घरीच होता. बापाला दारात बघून तो वाट सोडून बाजूला झाला. रेखानं पोरीला पुढे केलं, पण मामांनी तिला घेतलं नाही, नुसता गालाला हात लावला. "हिला घिऊन बाहीर थांब," म्हणाले. स्वयंपाकघरात आले. मला वाटलं आता पंचा अंथरणार. त्यांनी पंचा काढून माझ्या हातात दिला. मधल्या कपाटाचं दार उघडलं. आत स्टीलचे डबे, ताटं, खच्चून भरलेली.

"आप्पा, काय करायलाव?"

मामांनी आतल्या तळफळीला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय वर उचलले.

अख्खा माणूस लोंबकळला त्या कपाटाला. ताटं खणखणली. बालाजी धावला आणि त्यांच्या पायांना मिठी मारायला गेला, तर ओरडले, "सोड! धरू नगं मला!" डोळे घट्ट मिटलेले, दंडाच्या शिरा तटतटलेल्या. मी तर देवीचं नाव घ्यायला लागले. या वयात हा माणूस खाली पडला तर काय? पण कपाट तसूभर हललं नाही. मामांनी पाय टेकले. मग शेजारचं दार उघडलं. मग त्याच्या शेजारचं. एक-एक करत सगळ्या रांगेला ते लटकले आणि शेवटी घामाघूम होऊन खाली बसले.

"लई घट्ट बसवलंस," ते म्हणाले.

बालाजी त्यांच्यासमोर बसला. मामा त्याच्याकडे न बघता बोलत होते.

"तुझ्या आईची मांडणी म्या घट्ट बसवलीच न्हवती. नुसती खुंट्यांवर टेकवली हुती. तिला गौरीच्या आधी पायजे हुती, शेजारणींना दाखवायला. म्हणलं आता टेकवतो, खालनं टेकू देऊन पक्की करतो गणपती झाल्यावर. तिनं समदी भांडी चढवली. म्याबी नगं म्हणलो न्हाय. बायका बघायला यायल्या हुत्या ना, मला लई भारी वाटायलं हुतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "लोकं म्हणतात, भूकंपानं मेली. भितसुद्धा पडली न्हाय रं. म्या कुणाला सांगणार?"

इतकी वर्षं सगळ्या लोहाऱ्याला वाटत होतं, हा माणूस भूकंपाला भितो. मलाही तेच वाटत होतं. बालाजी उठला, म्हणाला, "आप्पा, जेवून घ्या," आणि ताटं काढायला त्याच कपाटापुढे उभा राहिला. मी तोंडाला पदर लावून बाहेर रेखाकडे गेले.

मामा तिथंच राहिले. बालाजीनं त्यांच्यासाठी वेगळी खोली ठेवली होती, खाट-गादी सगळं. मामांनी अंथरूण टाकलं ते स्वयंपाकघरात, कपाटांच्या खाली. "इथं वारं चांगलं लागतं," म्हणाले. वारं कसलं! त्या भिंतीला खिडकीच नव्हती. दुपारी नात त्यांच्याजवळ येऊन आडवी व्हायची, तर तिला ओट्याच्या बाजूला घ्यायचे आणि कपाटांखाली स्वतः. मी गेले की मला बाकड्याची, गुडघ्यांची, शाळेची चौकशी. एकदा म्हणाले, "बाई, आता तुमालाबी वर एक कपाट करून देऊ का? वाकणं हुईना म्हणताव." मी म्हटलं, "राहू द्या मामा, वर उजेड बरा आहे." हसले. मला आठवतंय तसं ते त्यांचं शेवटचं हसणं.

थंडीच्या दिवसांत एका पहाटे ते झोपेतच गेले. हृदय थांबलं म्हणाले डॉक्टर. रेखा चहा करायला उठली तेव्हा ते नेहमीसारखे उताणे होते, हात पोटावर. वर कपाटं जागच्या जागी.

तेराव्याला मी गेले. पाहुणे पांगल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले तर बालाजी मामांच्या जागेवर झोपलेला. मला वाटलं, थकून लवंडला असेल. पण डोळे उघडे होते.

"काकू," तो म्हणाला, "जरा इथं झोपा की माझ्या शेजारी."

"अरे, माझे गुडघे..."

"झोपा काकू. उभ्यानं दिसत न्हाय ते."

मी भिंतीला धरून कशीबशी खाली बसले आणि आडवी झाले. आणि मग दिसलं. कपाटांच्या पुढच्या नक्षीच्या पट्टीमागं, तळफळीच्या खाली, भिंतीत रोवलेले सागवानी टेकू. या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येकाचे कोपरे घासून गोल केलेले, प्रत्येकाला पॉलिश. मधे, जिथं पोरगी चटईवर झोपली होती, तिथं अगदी दाटीनं बसवलेले. सगळ्या रांगेला लोंबकळून बघितल्यावरसुद्धा म्हाताऱ्याला राहवलं नव्हतं.

रेखा दारात उभी होती, डोळ्यांना पदर लावून. "हे दुकानात गेले की आप्पा बसवायचे," ती म्हणाली. "मला पोरीची शपथ घातली हुती, सांगायचं न्हाय म्हणून."

पोरगी तिच्या हातातून सुटून दुडूदुडू आली. आमच्या दोघांच्या मधे शिरली आणि सवयीनं उताणी झाली, हात पोटावर. बालाजीनं तिला उचलून ओट्याच्या बाजूला घेतलं. स्वतः कपाटांखाली सरकला. वर बघत राहिला.

"काकू," तो म्हणाला, "आईच्या मांडणीला एवढंच पायजे हुतं."